कुसळ आणि पिरूल

पायमोज्यात अडकलेली कुसळे काढत बसणे हा पुण्याच्या वेताळ टेकडीवर नियमाने जाणाऱ्या माणसाच्या कार्तिकातल्या दिनक्रमाचाच एक भाग असतो. पावसाळ्यात गुडघ्याच्या वर वाढलेले कुसळीचे गवत दिवाळीपर्यंत तांबूस होते, त्याच्या बियांच्या काळपट शेपट्या एकमेकींत गुंततात, आणि वाट सोडून चार पावले आत गेले की त्या कापडातून थेट कातडीपर्यंत पोहोचतात. त्यामुळे नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तराखंडात अल्मोड्याजवळच्या एका डोंगरावर दगडावर बसून मी पायमोज्यातून कुसळे उपटत होते, तेव्हा काही वेळ मला त्यात विशेष असे काही जाणवलेच नाही. मग हात थांबला. डोक्यावर चिडाची, म्हणजे हिमालयातल्या पाइनची, सत्तर-ऐंशी फूट उंच झाडे होती, समोर बर्फाची शिखरे होती, आणि बोटांत मात्र आमच्या टेकडीवरचेच गवत होते.

त्या गवताचे शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. जगातल्या उष्ण प्रदेशांत जिथे रान वरचेवर पेट घेते, अशा अनेक ठिकाणी ते आढळते, आणि याचे एक कारण त्या टोचणाऱ्या शेपटीत आहे. बी गळून पडले की त्याची पिळवटलेली शेपटी रात्रीच्या दवाने उलगडते, दिवसाच्या उन्हाने पुन्हा पीळ घेते, आणि या फिरण्याने टोकदार बी गिरमिटासारखे मातीत शिरत जाते. वणवा वरून निघून जातो तेव्हा ते मातीखाली सुरक्षित असते. म्हणजे पायमोज्यातल्या त्या कुसळाने मला एक गोष्ट आधीच सांगितली होती, आणि ती नीट समजायला मला पुढची काही वर्षे लागली: वर झाड कोणतेही असो, ही जमीन जळत आलेली आहे.

पुण्याच्या माणसाला पाइनचे जंगल मुळातच परके असते. महाराष्ट्रात पाइनची एकही देशी जात नाही. उंची कमी पडते म्हणावे, तर चीड ज्या ९०० ते १८०० मीटरच्या पट्ट्यात उत्तम वाढतो, त्यात आपले १६४६ मीटरचे कळसूबाई सहज बसते. पण पाइन हे उत्तर गोलार्धाचे कुळ. त्यातली सुमात्रातली एकच जात काय ती विषुववृत्ताच्या थोडी पलीकडे गेली आहे. आपल्याकडे हे कुळ हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत राहिले, मैदाने ओलांडून दख्खनवर आले नाही. सगळ्या पश्चिम घाटात सूचिपर्णी गटातला एकच देशी वृक्ष आहे, नागेइया वॉलिचियाना, आणि तोही दक्षिण टोकाकडच्या ओल्या सदाहरित रानात; शिवाय त्याची पाने चांगली रुंद असतात. त्यामुळे बारीक पानांचे, वाऱ्यावर सूं-सूं करणारे कोणतेही झाड दिसले की आपण त्याला सुरू म्हणून मोकळे होतो. सुरू हे खरे तर फुलझाडांच्या गटातले. त्याच्या ज्यांना आपण सुया म्हणतो त्या पेरापेरांच्या हिरव्या काड्या असतात.

चिडाची सुई तशी नाही. अल्मोड्याच्या त्या कुमाऊँ भागात तिला पिरूल म्हणतात, आणि तो शब्द एकदा कानावर पडला की दुसरा कोणता वापरावासा वाटत नाही. जमिनीवरचा एक पिरूल उचलून पाहिला तर तपकिरी कागदासारख्या इवल्या म्यानातून तीन सुया निघालेल्या दिसतात, प्रत्येक वीतभर किंवा त्याहूनही लांब. तिन्ही एकत्र आवळून धरल्या तर त्यांची मिळून एकच गोल काडी होते, कारण प्रत्येक सुईचा काप तिकोनी असतो आणि तिघींच्या आतल्या कडा एकमेकींना अचूक बसतात. वरच्या थंड पट्ट्यात कैल नावाचा दुसरा पाइन लागतो, त्याच्या झुपक्यात पाच सुया असतात. झाड ओळखायला मी पहिल्यांदा शिकले ती अशी, सुया मोजून.

चिडाचा पट्टा उत्तर पाकिस्तानातल्या डोंगरांपासून काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड आणि नेपाळमधून पुढे थेट भूतानपर्यंत जातो. खालच्या अंगाला सालवृक्ष, वरच्या अंगाला बांज, म्हणजे तिकडचा ओक, आणि बुरांश, म्हणजे लाल फुलांचा रोडोडेंड्रॉन, आणि मधल्या कोरड्या, उन्हाच्या, बहुधा दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर चीड. चँपियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातल्या वनप्रकारांची जी सुधारित वर्गवारी केली, तीत हिमालयाच्या या पाइनवनाला स्वतंत्र प्रकार म्हणून जागा आहे. एकट्या उत्तराखंडात सुमारे चार लाख हेक्टर वनजमिनीवर चीड उभा आहे.

त्या पहिल्या भेटीत मला ते जंगल फार स्वच्छ वाटले होते. सह्याद्रीच्या रानात करवंदीची जाळी, वेली, वाळवी लागलेली खोडे, कुठे काय आहे हे कळत नाही अशी दाटी असते. इथे दूरवर सरळ खांबांसारखी खोडे, त्यांच्यामधून तिरपे येणारे ऊन आणि खाली तपकिरी गालिचा. मी तसे बोलूनही दाखवले. आम्ही जिच्या घरी उतरलो होतो ती आमा, म्हणजे आजी, सत्तरीची असेल, गवताचा भारा उतरवून पडवीत बसली होती. ती म्हणाली, "चेली," म्हणजे मुली, "स्वच्छ कसलं, तिथं खाली काही राहिलंच नाही." आणि तिने हातानेच गालिच्याचा तो थर दाखवला. त्या थरावरून दरवर्षी कोणीतरी घसरते, कोणाची तरी गाय पाय मोडून घेते, हेही तिने सांगितले.

दुसऱ्या दिवशी तिच्यामागून डोंगर चढताना मी तो थर हाताने बाजूला करून पाहिला. वरचा पिरूल कोरडा आणि चकचकीत, त्याखालचा करडा, त्याच्याखालचा काळपट, आणि मग एकदम कठीण, फिकी माती. आंब्याची किंवा पळसाची पाने पावसाळ्यात कुजून मातीत मिसळतात, तसे पिरूलाचे चटकन होत नाही. त्यात राळ असते, नत्र कमी असते आणि लिग्निनसारखा चिवट भाग पुष्कळ असतो, त्यामुळे त्याला कुजवणाऱ्या बुरशी-जिवाणूंचे काम फार सावकाश चालते. तोवर एप्रिल-मे येतो, नेमक्या सर्वांत कोरड्या महिन्यांत झाड वाळलेल्या सुयांचा नवा भार ओतते, आणि डोंगरउतारावर राळेने माखलेल्या जळणाची गादी तयार होते. तिला एक ठिणगी पुरते.

आणि तरीही चीड वणव्याने सहसा मरत नाही. त्याच्याइतके आगीला सरावलेले झाड मी पाहिलेले नाही. सालीचे विटकरी खवले जाड असतात, आतल्या जिवंत भागापर्यंत धग पोहोचू देत नाहीत. फांद्या उंचावर असतात, त्यामुळे खालून सरकणारी आग बहुतेक वेळा शेंड्यापर्यंत जात नाही. कोवळे रोप जळून काळे झाले तरी बुंध्यापासून पुन्हा फुटू शकते, जे पाइनच्या कुळात सर्रास आढळत नाही. शंकूला पिकायला सुमारे दोन वर्षे लागतात, मग त्याचे खवले उन्हाळ्यात उघडतात आणि पातळ पंख असलेल्या बिया वाऱ्यावर लांब जातात. त्यांना रुजायला ऊन लागते आणि उघडी माती लागते, आणि वणव्याने दोन्ही तयार करून ठेवलेली असतात.

बांजाचे नेमके उलटे आहे. त्याचे रोप सावलीत, ओल्या पालापाचोळ्यात वाढते, आणि आगीत बहुधा संपते. दाट, अखंड बांजाच्या रानात चिडाचे बी पडले तरी सावलीमुळे ते तग धरत नाही. म्हणून 'चीड बांजावर चाल करून येतो' हे पर्यटकांच्या तोंडी असलेले वाक्य मला आता अपुरे वाटते. आधी बांजाच्या फांद्या चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी छाटल्या जातात, छत विरळ होते, गुरे आत शिरतात, मग खालच्या चिडातून आग वर येते, बांजाची रोपे जातात, आणि त्या उघड्या पडलेल्या जागेत चिडाचे पंखवाले बी येऊन बसते. दरवाजा दुसऱ्याने उघडलेला असतो. आणि आग दरवर्षी येऊ लागली, तर चिडाची रोपेही उंच होण्याआधी पुन्हा पुन्हा जळत राहतात. मी अशी चिडाची राने पाहिली, की जिथे साठ-सत्तर वर्षांची झाडे रांगेने उभी होती आणि त्यांच्याखाली त्यांचे एकही पोर नव्हते.

जाड सालीच्या या झाडाला एक उणे आहे, आणि ते माणसाने दिलेले आहे. वाटेत एका चिडाच्या बुंध्यावर साल तासून केलेला हातभर लांबीचा पट्टा होता. त्यावर इंग्रजी व्हीच्या आकाराच्या बारीक खाचा एकावर एक पाडलेल्या होत्या आणि खाली एक पेला अडकवलेला होता. पेल्यात पांढरट, मधासारखा घट्ट द्रव साचला होता. त्याला तिथे लीसा म्हणतात. मी बोट बुडवून नाकाशी नेले आणि मला सदाशिव पेठेतली आमची माजघरातली खोली आठवली, कारण वडील व्हायोलिन वाजवायला बसले की आधी गजाच्या केसांवर राळेची वडी घासत, आणि तिची पांढरी पूड त्यांच्या धोतरावर पडे. तो वास हाच. लीशाचे ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाइन उडून वेगळे होते आणि मागे राहते ती राळ. रंगाच्या दुकानातला तो झणझणीत वास आणि गजावरची ती पूड ही दोन्ही एकाच जखमेतून निघतात हे मला पन्नाशीत, आणि तेही असे बोट चिकट झाल्यावर कळले.

आताच्या खाचा उथळ असतात आणि धार वाहती राहावी म्हणून त्यांवर पातळ आम्ल फवारतात. पूर्वीच्या पद्धतीत थेट लाकडात खोल खोबण पाडत असत. आमाने मला तशी जुनी झाडे दाखवली. माणूस आत उभा राहील एवढी बुंध्यात पोकळी, आतून कोळशासारखी काळी. सालीचे चिलखत जिथे काढले तिथे राळ साचली, वणवा आला तेव्हा ती राळच पेटली, आग थेट खोडात गेली, दर उन्हाळ्यात पोकळी थोडी वाढत गेली, आणि एखाद्या वादळात झाड तिथूनच मोडले. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत हिमालयातल्या वृक्षांच्या वर्षवलयांवरून जुन्या हवामानाचा अभ्यास होतो हे मी ऐकून होते. त्या मोडक्या खोडापाशी उभी असताना वाटले, की पाऊसपाण्याच्या जोडीला आमच्या हव्यासाचा हिशेबही त्याच वलयांत नोंदला जात असणार.

हा हव्यास जुना आहे. इंग्रजांनी १९११ ते १९१७ या काळात कुमाऊँची बरीचशी राने राखीव केली, कारण चिडाचे लाकूड रेल्वेच्या स्लीपरांना आणि लीसा कारखान्यांना हवा होता. गावकरी पिढ्यानपिढ्या थंडीच्या शेवटी रान थोडेथोडे जाळून पावसाळ्यात चांगले गवत मिळवत असत. त्यावर बंधने आली. त्याच्या जोडीला साहेबांचे सामान वाहण्याची वेठबिगार होतीच. जानेवारी १९२१ मध्ये उत्तरायणीच्या जत्रेत बागेश्वरला लोकांनी वेठीच्या नोंदवह्या शरयूच्या पाण्यात टाकल्या, आणि त्याच उन्हाळ्यात कुमाऊँची राखीव राने पेटली. इतिहासकारांनी यात एक बारकावा टिपला आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. लोकांनी जाळली ती मुख्यतः चिडाची राने, ज्यांतून सरकारला उत्पन्न होते. रुंद पानांच्या, त्यांच्या स्वतःच्या उपयोगाच्या रानांना त्यांनी बहुतांशी हात लावला नाही. कोणते झाड कोणाचे, हे त्या आगीला ठाऊक होते.

पुढे १९३१ मध्ये वन पंचायतींचे नियम झाले आणि काही राने गावांच्या हाती परत आली. १९७३ पासून चिपको आंदोलन उभे राहिले आणि १९८१ मध्ये १००० मीटरच्या वरची हिरवी झाडे तोडण्यावर बंदी आली. ती बंदी योग्यच होती असे मी मानते, पण तिने पिरूलाचा प्रश्न सुटला नाही. गावातली तरुण माणसे हल्द्वानी-दिल्लीला गेली, गुरे कमी झाली, गोठ्यात अंथरायला पिरूल गोळा करणारे हात कमी झाले, आणि थर वाढत राहिला.

आमाच्या घराच्या वरच्या अंगाला एक नौला आहे. नौला म्हणजे झऱ्यावर बांधलेली दगडी पायऱ्यांची छोटी देवळासारखी विहीर. तिच्याभोवती पाच-सहा जुने बांज आहेत. आमाच्या बोलण्यात बांज आणि पाणी हे दोन शब्द वेगळे येतच नाहीत; बांज गेला तिथला नौला आटला, असे तिने मला निदान चार गावांचे दाखले देऊन सांगितले. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. बांजाखालची माती मी हातात घेतली तेव्हा ती ओली, काळी, बोटांत विरघळणारी होती, आणि अशी माती पाऊस पिऊन सावकाश खाली सोडते, तर दर उन्हाळ्यात जळणाऱ्या चिडाखालची कडक माती तोच पाऊस उतारावरून वाहू देते, हे उघड आहे. पण बांज मुळातच सावलीच्या, ओलसर उतारांवर वाढतो आणि चीड कोरड्या. म्हणजे काही ठिकाणी बांजामुळे पाणी टिकले असेल आणि काही ठिकाणी पाणी होते म्हणून बांज आला असेल. कोरड्या दक्षिण उतारावरचा मुळचा चीड उपटून तिथे बांज लावले तर झरा फुटेल, अशी आशा धरणे मला बरोबर वाटत नाही. आमाला मी हे सांगून पाहिले. ती म्हणाली, "ते खरं असेल. पण आहे तो बांज तरी जळू देऊ नये ना?" यावर मला पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही.

मे २०२४ मध्ये मी पुन्हा गेले, तेव्हा काठगोदामपासूनच घशात धूर होता. नैनीतालच्या बाजूची आग विझवायला एप्रिलच्या अखेरीस हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी भीमतालच्या तळ्यातून पाणी उचलून नेले होते. समोरची शिखरे आठ दिवसांत एकदाही दिसली नाहीत. रात्री पलीकडच्या डोंगरावर आगीची नारिंगी रेघ सरकताना दिसे, अगदी शांतपणे, एखादी दिंडी मशाली घेऊन चालली असावी तशी, आणि पहाटे त्याच जागी काळा डाग उरलेला असे. त्याच महिन्यात राज्य सरकारने पिरूल गोळा करणाऱ्यांना किलोमागे ५० रुपये देण्याची घोषणा केली. मी पुण्याला परतल्यानंतर, १३ जूनला, बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी जळून मरण पावले. बिनसरच्या त्या बांजाच्या रानातून मी सहा वर्षांपूर्वी चालले होते. बातमी वाचली त्या दिवशी मी टेकडीवर गेले नाही.

आमच्या टेकडीवरही फेब्रुवारीपासून आगी लागतात. पायवाटेच्या कडेने सुरू होतात, कुसळी चरचरत जळते, आणि सकाळी फिरायला आलेलीच माणसे हिरव्या डहाळ्यांनी ती झोडपून विझवतात. मीही झोडपले आहे. त्या गवतावर आता बऱ्याच भागात उंदीरमारीची, म्हणजे गिरिपुष्पाची, झाडे उभी आहेत. मध्य अमेरिकेतले हे झाड, शेळ्या त्याला फारसे तोंड लावत नाहीत, खडकाळ मुरमातही ते जगते, फांदी खोचली तरी फुटते, म्हणून उजाड दिसणाऱ्या टेकड्या हिरव्या करायला ते लावले गेले. उजाड दिसणारी ती जागा मुळात गवताळ रान होती आणि मधूनमधून खैर, सालई, गणेर, मोई अशी विरळ झाडे होती, हे त्या वेळी पुरेसे विचारात घेतले गेले नाही. आता उंदीरमारीला शिव्या देणारे माझ्या ओळखीचे पुष्कळ आहेत, आणि एके काळी मीही त्यांत होते. चिडाखाली दोनदा राहून आल्यापासून मला झाडावर राग धरणे जमत नाही. फेब्रुवारीत तिला गुलाबी फुले येतात तेव्हा मी थांबून पाहते, आणि जिथे गवत अजून शिल्लक आहे तिथे नवे खड्डे खणले जाऊ नयेत म्हणून सह्यांचा कागद घेऊन घरोघर फिरते.

यंदा चैत्रात आमाच्या नातीचा फोन आला होता. आमाच्या गुडघ्यांनी आता जवाब दिला आहे, पण नौल्याभोवतीचा पिरूल ती रोज स्वतःच झाडते. बसूनच झाडते. दाताळ्याने ओढत ओढत आठ-दहा हात रुंदीचे मोकळे कडे तिने त्या बांजांभोवती केले आहे, आणि वारा सुटला की त्यात पुन्हा सुया येऊन पडतात. मी विचारले, गोळा केलेल्या पिरूलाचे काय करता. नात म्हणाली, निम्मा गाईखाली अंथरतो, निम्मा विकायला ठेवतो, न्यायला गाडी अजून आलेली नाही. मग फोन आमाकडे गेला. तिने आधी पुण्यात पाऊस कधी येतो ते विचारले. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, असे मी सांगितल्यावर ती बोटांवर काहीतरी मोजत असावी, कारण थोडा वेळ पलीकडून फक्त दाताळ्याचा आवाज येत होता.